तलवार कुणाची, धार कुणाची?

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. लंडनच्या लिलावात ती निघाली आणि महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली. स्वागत झाले, भाषणे झाली, फोटो निघाले. आमचा त्याला विरोध नाही. महाराष्ट्राचा ठेवा महाराष्ट्रात यावा, यात वाईट काय? परंतु अभिमानाच्या या भरात एका साध्या गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. या तलवारीचे पाते युरोपात बनलेले आहे. मूठ इथली, मुल्हेरी घाटाची. पात्यावरची देवनागरी अक्षरे इथली. पण पोलाद परदेशी. अशा तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत आणि सरदार मंडळी ती हौसेने कमरेला लावीत. शुद्ध रक्त, शुद्ध वंश, शुद्ध परंपरा असा जप करणाऱ्यांनी ज्या शस्त्रापुढे हात जोडले, ते शस्त्रच मुळात संकरातून जन्मलेले आहे! मनूला हे चालले नसते.

या निमित्ताने आम्हाला दुसऱ्या एका तलवारीची गोष्ट सांगायची आहे. ही तलवार कुठल्या राजाची नाही. तिच्यावर सोन्याची अक्षरे नाहीत. ती साध्या स्वाराची तलवार आहे, आणि तीसुद्धा एका सैन्याने मोडीत काढलेली. पण जातीचा, रक्ताचा आणि पराक्रमाचा जो हिशेब आपल्या माथी मारला गेला, तो खोटा कसा आहे हे समजून घ्यायला या तलवारीइतका चांगला साक्षीदार नाही, असे आमचे मत आहे.

१७९६ साली ब्रिटिश सैन्याने आपल्या हलक्या घोडदळासाठी एक नवी तलवार मंजूर केली. ती आखली जॉन गास्पर्ड ल मर्शां नावाच्या अधिकाऱ्याने. बर्मिंगहॅमचा तलवार बनवणारा हेन्री ऑस्बर्न त्याच्या जोडीला होता. त्याआधी फ्लँडर्सच्या मोहिमेत ल मर्शांने पाहिले होते की, इंग्रज स्वारांना तलवार धड चालवता येत नाही. काही स्वार आणि काही घोडे तर आपल्याच तलवारीने जखमी होत होते! शत्रूला कष्टच नकोत. तेव्हा त्याने तुर्क, मामलुक आणि हंगेरीच्या स्वारांच्या वाकड्या तलवारींचा अभ्यास केला आणि सुमारे तेहतीस इंच लांबीचे, एकधारी, टोकाकडे रुंद होत जाणारे पाते तयार करवले. म्हणजे इंग्रजांची म्हणून जी तलवार पुढे वॉटर्लूच्या रणांगणावर गाजली, तिची कल्पनासुद्धा पूर्वेकडून उसनी आणलेली. सोबत लोखंडी म्यान दिले. त्या म्यानाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

१८२१ साली ब्रिटिशांनी घोडदळासाठी नवा नमुना आणला. जुनी पाती हळूहळू मोडीत निघाली. त्यांतली कित्येक हिंदुस्थानात आली, विकली गेली, हातोहात फिरली आणि देशी फौजांतल्या स्वारांकडे पोचली. निजामाच्या फौजेतले घोडेस्वार हे त्यांतलेच एक. या रिसाल्यांच्या छावण्या आपल्या मराठवाड्यात होत्या. तेव्हाचे औरंगाबाद, हिंगोली, आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई ही त्यांची ठाणी.

आता लुई नोलन या इंग्रज कॅप्टनची साक्ष. हा माणूस पंधराव्या हुसार पलटणीचा. मद्रास इलाख्यात त्याने नोकरी केली आणि १८५३ साली घोडदळावर एक पुस्तक लिहिले. घोडदळाचा अभ्यास करणारे आजही ते वाचतात. निजामाच्या स्वारांची रोहिल्यांशी एक चकमक झाली होती. स्वार संख्येने फार कमी असूनही त्यांनी रोहिल्यांचा धुव्वा उडवला. चकमकीनंतर डॉक्टरने मृतांच्या आणि जखमींच्या अंगावरील घावांची जी यादी केली ती नोलनच्या हाती आली. मुंडकी धडावेगळी झालेली, हात एका घावात तुटलेले. नोलन चक्रावला. आपल्या प्रशिक्षित, कवायती घोडदळाच्या तलवारी शत्रूच्या अंगरख्यावरून घसरतात आणि हे देशी स्वार एका घावात हात उतरवतात, हे काय गौडबंगाल आहे? यांच्याकडे दमास्कसचे पोलाद आहे की काय?

तो मुद्दाम जाऊन बघतो, तर त्या स्वारांच्या कमरेला बहुतेक इंग्रज सैन्याचीच मोडीत काढलेली जुनी पाती! फरक इतकाच की, स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली होती, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लोखंडी म्यान फेकून देऊन लाकडी म्यान केले होते. ही तलवार ते कवायतीत उपसत नसत, साहेबाच्या तपासणीला उपसत नसत. ती बाहेर निघायची ती फक्त लढाईत. इंग्रज शिपाई मात्र रोज सलामीसाठी तलवार लोखंडी म्यानातून ओढायचा आणि परत खुपसायचा. लोखंडावर लोखंड घासून धार केव्हाच मरायची. मग युद्धात हातात उरायची ती एक चकचकीत पट्टी.

नोलनने एका म्हाताऱ्या स्वाराला विचारले की, तलवार चालवण्याची ही खास पद्धत तुम्ही पोरांना कशी शिकवता? कुणाही इंग्रज साहेबाला अपेक्षा असणार की म्हातारा आता घराण्याची विद्या, वंशाचा गुण, बापजाद्यांचे रक्त असे काहीतरी सांगेल. म्हाताऱ्याने सांगितले ते इतकेच की, शिकवायचे काही नसते, जोराने मारायचे. तलवारीला धार असेल तर ती कुणाच्याही हातात कापते.

कुणाच्याही हातात! आमच्या मते एकोणिसाव्या शतकात लष्कराबद्दल जे लाखो शब्द लिहिले गेले, त्यांत इतके शहाणपणाचे थोडेच असतील. या म्हाताऱ्याचे नाव नोलनने नोंदवले नाही. आणि त्या मुठी कुणी ओतल्या, ती धार कुणी लावली, ते लाकडी म्यान कुणी तासले आणि त्यावर कातडे कुणी चढवले, हे नोलनला विचारावेसेच वाटले नाही. आपल्याला ते सांगायला पुस्तक लागत नाही. धार लावणारा शिकलगार, लोखंडाचे काम करणारा लोहार, कातड्याचे काम करणारा चर्मकार. घाव सरदाराच्या नावावर, धार शिकलगाराची. आज शिकलगारांची मुले सायकलवर सहाण बांधून गल्लीबोळात सुऱ्या-कात्र्यांना धार लावत हिंडतात, आणि कुठल्याही तलवारीच्या स्वागत समारंभाला त्यांना निमंत्रण जात नाही.

नोलन हे लिहून गेला, पण त्याच्या देशाने त्यातून काही शिकले नाही. उलट त्याच्या पुस्तकानंतर चाळीस वर्षांच्या आत इंग्रजांनी हिंदुस्थानच्या सैन्यात ‘लढवय्या जाती’ नावाचे शास्त्र उभे केले. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स हा त्याचा मोठा पुरस्कर्ता. उत्तरेकडील काही ठरावीक जाती जन्मतः शूर, बाकीच्या जन्मतः नालायक. हे शास्त्र कुठून आले हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. इंग्रजाने टोपी घातलेली असली, तरी आतली शेंडी ओळखू येते. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानवरील ग्रंथात हिंदी सैन्याच्या घडणीची चिरफाड केली, तेव्हा लढवय्या आणि बिगरलढवय्या ही विभागणी कृत्रिम आहे, जन्माला गुण मानणाऱ्या जातिसिद्धान्ताइतकीच ती मूर्खपणाची आहे, असे त्यांनी स्पष्ट बजावले. निजामाचा तो म्हातारा स्वार आणि कोलंबियाचा विद्वान, दोघांचा निष्कर्ष एकच!

आता प्रश्न असा की, धार कुणाच्याही हातात कापते हे खरे, तर मग घोडदळाची तलवार आपल्या हातात का आली नाही? मुंबई इलाख्याच्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बंदूक होती, संगीन होती, महिना सात रुपये पगार होता. रिसाल्यात मात्र आपली नावे सापडत नाहीत. याचे कारण शौर्यात नाही, खिशात आणि जातीत आहे.

देशी घोडदळाची भरती बहुतेक शिलेदारी पद्धतीने चाले. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार, स्वतःचा सरंजाम घेऊन चाकरीला येणारा. मराठी राज्यातला हा शब्द इंग्रजांनी तसाच उचलला. ज्याच्याकडे घोडा नसे तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर. पुढे इंग्रजांच्या रिसाल्यांत भरती होताना घोड्यापोटी रोख रक्कम भरावी लागे, काही ठिकाणी ती शेकडो रुपयांत जाई. रिसाल्यातली जागा विकत घेता येई आणि विकताही येई. सात रुपयांच्या शिपायाने शेकडो रुपये कुठून आणायचे? आणि आणले असते तरी घोडा बाळगू दिला असता कुणी?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची संपत्ती कोणती ते लिहून ठेवले आहे. कुत्रे आणि गाढवे. घोडा नाही. त्याच मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले. गावगाड्यात वतनदार महाराचे काम काय? गावात आलेल्या सरकारी पाहुण्याचा घोडा धरायचा, त्याला वैरण घालायची, पाणी पाजायचे, आणि पाहुणा निघाला की पुढच्या गावापर्यंत त्याच्यापुढे पळायचे. म्हणजे घोडा आपल्या हाताखालून गेला नाही असे नाही. त्याला चारा घालणारा हात आपला होता, लगाम धरणारा हातही आपला. फक्त पाठीवर बसायची मनाई होती. या वेठबिगारीतून माणसाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांना १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे बिल आणावे लागले.

हे सगळे जुने झाले, असे कुणी म्हणेल. २०१८ च्या मार्च महिन्यात गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळत होता आणि त्यावर बसून फिरत होता, म्हणून गावातल्या सवर्णांनी त्याला मारले, अशी फिर्याद घरच्यांनी दिली. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला आपली वरात ठाकुरांच्या वस्तीतून नेण्यासाठी सरकारचे आणि न्यायालयाचे दरवाजे ठोठवावे लागले आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात वरात निघाली. घोड्याच्या पाठीची उंची साधारण पाच फूट. पण ती पाच फुटांची उंची या देशाला अजून सोसत नाही.

आणि खेड्यापाड्यांचेच कशाला बोलायचे? थेट दिल्लीत, राष्ट्रपती भवनाच्या दारात जाऊ. राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल ही या देशातील जुनी घोडदळ पलटण. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने ती बनारसला उभी केली. प्रजासत्ताक दिनाला राष्ट्रपतींच्या मागेपुढे जे उंचेपुरे घोडेस्वार आपण दूरदर्शनवर पाहतो, लाल-निळे पोशाख, हातात भाले, कमरेला तलवारी, ते हेच. या दलात स्वार म्हणून जाट, राजपूत आणि जाट-शीख यांचीच भरती होते, यावर न्यायालयात याचिका झाल्या आहेत. सप्टेंबर २०१७ च्या भरतीत याच तीन जातींना बोलावले होते, अशी तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकार व लष्कराला नोटीस काढली. आता तारखा जुळवून पाहा. २५ जुलै २०१७ रोजी रामनाथ कोविंद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत ही भरती! त्याआधी १९९७ ते २००२ या काळात के. आर. नारायणन राष्ट्रपती होते. सर्व सेनादलांचा सरसेनापती दलित होऊ शकतो, कारण तो संविधानाने होतो. पण त्याच्या बग्गीमागचा साधा स्वार दलित होऊ शकत नाही, कारण तिथे अजून लॉर्ड रॉबर्ट्स बसला आहे. उंची ठेवा, छाती मोजा, घोड्यावर बसायची परीक्षा घ्या, आमची तक्रार नाही. पण जात कशाला विचारता?

उंचीचा आणि दिमाखाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. दिमाख म्हणजे काय ते नोलनने दाखवूनच दिले आहे. लोखंडी म्यानातली तलवार दिमाखदार दिसते, खणखणते, पण कापत नाही.

आता कोरेगावकडे वळू, कारण तलवारीचा विषय निघाला की तो ओलांडून जाता येत नाही. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात कंपनीच्या तुकडीत पायदळाच्या पहिल्या पलटणीची दुसरी बटालियन होती, मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या आणि स्वॉन्स्टनच्या हाताखाली अडीच-तीनशे घोडेस्वारही होते. हे स्वार पुढे पूना हॉर्स म्हणून ओळखल्या गेलेल्या रिसाल्याचे. लढाई दिवसभर चालली, पाण्याचा थेंब मिळेना. गल्लीबोळांत आणि भिंतीआडून झालेल्या त्या लढाईत पायदळाची बंदूक आणि संगीन कामी आली. लढाईनंतर कंपनीच्या संचालक मंडळाने कॅप्टन स्टॉन्टनला बक्षीस दिले. काय दिले? ५०० गिनी आणि एक मानाची तलवार! बंदुका झाडल्या शिपायांनी आणि तलवार मिळाली कॅप्टनला. शिपायांच्या वाट्याला दगडावरची नावे आली. विजयस्तंभावरील ४९ नावांत ‘नाक’ प्रत्ययाची २२ नावे आहेत, ती महार शिपायांची.

त्या मानाच्या तलवारीला आज कोण विचारते? तिच्या दर्शनाला कुणी जात नाही. दगडावरच्या त्या नावांपुढे मात्र दरवर्षी १ जानेवारीला लाखो माणसे उभी राहतात. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले ते कुणाची तलवार पाहायला गेले नव्हते. ते नावे वाचायला गेले होते.

तलवारीला जेवढे जपतात तेवढे तलवार चालवणाऱ्याला जपत नाहीत, हा अनुभव केवळ आपलाच नाही. ज्या नोलनची साक्ष आम्ही काढली, तो २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात बालाक्लाव्हाला मेला. लाइट ब्रिगेडच्या त्या प्रसिद्ध हल्ल्याचा हुकूम घेऊन जाणारा अधिकारी तोच आणि पहिल्या बळींपैकी एकही तोच. त्या हल्ल्याची गाणी इंग्रजांच्या शाळाशाळांतून मुलांनी घोकली. पण १८९० साली लंडनच्या वर्तमानपत्रांतून बाहेर आले की, त्या हल्ल्यातून वाचलेले कित्येक म्हातारे स्वार भिकेला लागले आहेत. मग वर्गणी काढली गेली. त्याच साली एका म्हाताऱ्या बिगुलवाल्याला बोलावून त्याने वाजवलेला बिगुल मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रित करून घेतला, तोही वॉटर्लूच्या लढाईतला जुना बिगुल त्याच्या हाती देऊन. बिगुल जपून ठेवला, आवाज जपून ठेवला. पोटाला मात्र वर्गणी.

आणि आपले निवृत्त शिपाई? त्यांना भीक मागायची वेळ येण्याआधीच त्यांच्या मुलांचा दरवाजा बंद झाला. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबवण्यात आली. ज्यांचे आजे-पणजे कोरेगावला लढले, बाप मुलतानला आणि अफगाणिस्तानात गेले, त्यांना एका कागदाने नालायक ठरवले. आजची ‘लढवय्या’ जात उद्याची ‘बिगरलढवय्या’ कशी होते, रक्त एका रात्रीत कसे बदलते, हे त्या शास्त्राला कुणी विचारले नाही. विचारले ते आपल्याच पेन्शनरांनी.

इथे एक फरक आहे आणि आमच्या तरुण वाचकांनी तो नीट पाहावा असे आम्हाला वाटते. इतर जातींचा रिसालदार निवृत्त होऊन गावी यायचा तेव्हा घरात तलवार टांगली जायची. दसऱ्याला तिची पूजा, लग्नात ती नवरदेवाच्या हातात. पुढे तीच तलवार नातू मुंबईच्या जुन्या बाजारात विकायचा आणि तिथून ती कुठल्यातरी परदेशी संग्राहकाच्या भिंतीवर जायची. आपला हवालदार, आपला सुभेदार गावी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत तलवार नव्हती. कंपनीच्या पलटणींत शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा होत्या. त्या शाळेतून आलेली अक्षरओळख त्याच्या ट्रंकेत होती. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्मशास्त्राच्या पंडितांना प्रश्न विचारते झाले. भरतीबंदीविरुद्ध १८९४ साली अर्ज गेला, तो त्यांच्याच अनार्य दोष परिहार मंडळीकडून. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी घरात काय ठेवले ते जगाने पाहिले. शिवराम जानबा कांबळे स्वतः शिपाई नव्हते, पण दक्षिणी महारांच्या वतीने १९१० साली त्यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्याला अर्ज धाडला की आमच्या पूर्वजांचे रक्त चालले, मग आम्ही का नको? उत्तर आले नाही असे समजून ते गप्प बसले नाहीत, कोरेगावचा स्तंभ त्यांनीच पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे आणला.

शेवटी भरती उघडली, ती इंग्रजाला गरज पडली तेव्हा. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर काय होते? कोरेगावचा स्तंभ आणि दोन व्हिकर्स मशीनगन. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला, तो का आला यावर आपल्या लोकांची नाराजी आजही आहे आणि ती रास्त आहे. पण मशीनगन राहिल्या. मशीनगनवर कुठल्याच जातीचा वंशपरंपरागत हक्क नव्हता. कुणाच्याच घराण्यात ती दसऱ्याला पुजली जात नव्हती. ती शिकूनच चालवावी लागे. या रेजिमेंटमधून पुढे के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख झाले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत १९८७ साली आलेल्या वीरमरणानंतर परमवीरचक्र मिळाले. हे तिघेही महार नव्हते. कुठल्याही जातीचा भारतीय या पलटणीत येऊ शकतो. जातीच्या नावाची पलटण जातीची अट सोडून देते आणि राष्ट्रपती भवनातील बिनजातीच्या नावाची पलटण जात विचारते, हा या देशातला खास विनोद आहे.

आता थोडे आपल्याच घरात. गेल्या काही वर्षांत वाढदिवसाला तलवारीने केक कापायचे खूळ आले आहे. आपल्या वस्त्यांतही ते पोचले. बाजारात मिळणारी पातळ पत्र्याची, चकचकीत म्यानातली तलवार, चौकात स्पीकर, मोबाइलवर व्हिडिओ, आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याखाली गुन्हा. पोरगा कॉलेजचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, आणि त्याच्यावर गुन्हा नोंद झाल्याने चारित्र्य पडताळणीत अडकणार. त्या तलवारीने केकसुद्धा नीट कापला जात नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. बाप सुरी आणायला घरात गेला! हसू आले आणि वाईटही वाटले. नोलनने ज्या स्वारांची तारीफ केली ते आपली तलवार कुणाला दाखवतसुद्धा नव्हते.

राज्य सरकारने रघुजींची तलवार आणली, तसे आमचेही एक मागणे आहे, आणि त्याला ४७ लाख लागणार नाहीत. मुंबई इलाख्याच्या पलटणींची जुनी दप्तरे, हजेरीपट आणि पेन्शनीचे कागद दिल्लीच्या, मुंबईच्या आणि लंडनच्या दफ्तरखान्यांत पडून आहेत. त्यांतील ‘नाक’ प्रत्ययाची नावे, त्यांची गावे, त्यांच्या पलटणी यांची छापील यादी सरकारने काढावी. एकेका गावात ती पाठवावी. आज आपल्या कित्येक घरांत पणजोबा पलटणीत होते इतकेच ठाऊक आहे, कुठल्या पलटणीत ते ठाऊक नाही.

निजामाच्या रिसाल्याच्या औरंगाबादच्या ठाण्याला लोक आजही छावणीच म्हणतात. शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले, छावणी छावणीच राहिली. तिच्या शेजारी नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली. परभणी, हिंगोली, बीड, नांदेडच्या खेड्यांतली आपली पोरे तेव्हा डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन या छावणीवरून चालत आली. तिथे एके काळी कुणाचे घोडे बांधलेले असत, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्यांना थांबून विचारायला वेळही नव्हता. वसतिगृहात जागा मिळते का, ते अंधार पडायच्या आत पाहायचे होते.